मदत हवी आहे: मांजरीची पेटी सुतारकामाच्या शेडात कशी ठेवू?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडात मी सुतारकाम करतो आणि आमची मनी दिवसभर तिथंच असते. बाहेर पावसाची झड लागली की ती अंगणात जात नाही, थेट रंध्याखालच्या भुशाच्या ढिगावर बसते. तिला तो मातीसारखाच मऊ लागत असणार.

आत तिच्या शी-शूसाठी वाळूची पेटी ठेवलीय. बाजारातली बेंटोनाइट मातीची वाळू आणली, तिचे ओल्यावर छान गोळे होतात. पण करवत चालली की सागवानाची बारीक धूळ त्यावर बसते. मनी पेटीतून बाहेर आली की पहिल्यांदा पंजे चाटते, तेव्हा जीव कळवळतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापलेला भुसा तर मी लगेच पोत्यात भरतो, त्यात फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक रसायनाचा डिंक असतो.

दुसरी अडचण वासाची. मुताचा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा, दोन्ही बंद शेडात कोंडतात. पटाशांवर तांबूस ठिपके दिसायला लागलेत. पेटी रोज साफ करतो, तरी हे.

झाकणाची पेटी केली तर धूळ थांबेल का, की मांजर आत जायचंच नाही? पेटी पडवीत हलवायची तर रोज हातभर सरकवत न्यावी का? आणि सागवानाचा नाही, पण साध्या पाइनचा स्वच्छ भुसा पेटीत कुणी वापरलाय का? बेळगाव-निपाणीकडं पेटीत घालायच्या, भुसा दाबून केलेल्या पाइनच्या गोळ्या मिळत असतील तर तेही सांगा.