युफोनियम सोलो, पियानोच्या साथीशिवाय: काय निवडावं?

ह्यूस्टनकर:
मुलगी टेक्सासमध्ये दहावीत आहे, शाळेच्या बँडमध्ये युफोनियम (ट्यूबाचं लहान भावंड म्हणावं असं पितळी फुंकवाद्य) वाजवते. डिसेंबरात शाळेचं रिसाइटल आहे. वेळ पाच मिनिटं, पियानोवर साथीला कुणी नाही. वाद्य शाळेचं: चार व्हॉल्व्ह (दाबायच्या कळा), पण नॉन-कंपेन्सेटिंग, म्हणजे खालचे स्वर आपोआप सुरात आणणारी जादा नळी नसलेलं. वाचते फक्त बास क्लेफ (खालच्या स्वरांचं नोटेशन). स्टाफखालच्या एफपासून मधल्या सी-च्या वरच्या जीपर्यंत स्वर भरवशाने लागतात, त्यापुढे देवाच्या हवाली. तिला बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रिल्यूड हवाय. झेपेल का? तोच तुकडा पुढे यूआयएलच्या (टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा घेणारी संस्था) सोलो स्पर्धेत चालला तर सोन्याहून पिवळं.

खर्जातला:
प्रिल्यूड नको. ४२ बार, जवळजवळ सगळे सोळांश (सिक्स्टीन्थ नोट), विश्रांती कुठेच नाही. गजाला श्वास लागत नाही, पोरीला लागतो. सुचेल तिथे श्वास घेतला की लय अडखळते, आणि साथ नसल्यामुळे ते झाकायला कुणी नसतं.

दुसरी अडचण स्वरांच्या पट्ट्याची. मूळ सप्तकात तो तिच्या एफच्या बराच खाली उतरतो. नॉन-कंपेन्सेटिंग वाद्यावर चौथ्या व्हॉल्व्हसोबत इतर व्हॉल्व्ह दाबले की नळी लागते त्यापेक्षा आखूड पडते आणि स्वर चढा येतो. मूळ जी मेजर वर नेऊन बी फ्लॅट केला तर खालचं निभावतं, पण शेवटच्या चढणीत वरचा बी फ्लॅट येतो, तोही ओठ थकल्यावर. बाखच हवा असेल तर त्याच स्वीटमधला पहिला मिन्युएट घ्या. वाक्यं छोटी आणि श्वासाच्या जागा उघड आहेत.

पितळी_बाजा:
सहमत. माझं मत बाखच्या काळातल्या टेलिमनच्या फ्लूट फँटसियांना. १७३२च्या सुमाराच्या, एकूण बारा, मुळातच साथीशिवाय आणि फुंकणाऱ्यासाठी लिहिलेल्या. दुसरी, ए मायनरमधली पाहा: ग्रावे, विवाचे, अडाजो, अलेग्रो. तिच्या लयीत चारही भाग पाच मिनिटांत बसवायची घाई होईल, म्हणून पहिले दोनच घ्या.

म्यूझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये मूळ ओळ टाका, मेजर नाइन्थ (एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर) खाली ट्रान्स्पोज करा, क्लेफ बास करा. जी मायनर मिळेल, दोनच फ्लॅट, बोटांना सोयीचं. तरीही काही जागा तिच्या वरच्या जीपलीकडे जातील. त्या एक सप्तक खाली आणा, पण उडी मूळ सुरावटीतच मोठी झेप असेल तिथे किंवा वाक्याच्या सुरुवातीला घ्या. सरळ चढत्या ओळीच्या मध्ये सप्तक बदललं की ते चुकल्यासारखं ऐकू येतं.

श्वासाच्या खुणा पहिल्याच दिवशी पेन्सिलीने कराव्यात. विवाचेत जागा सापडत नसेल तर कमी महत्त्वाचा एक सोळांश सरळ गाळा. ताल ताणण्यापेक्षा ते बरं.

ह्यूस्टनकर:
तिचे सर बोर्दोन्यीचे एटूड (सरावाचे तुकडे) सुचवताहेत. ते कसे?

खर्जातला:
रोशूने ट्रॉम्बोनसाठी केलेलं पुस्तक ना? रियाजाला त्याला तोड नाही. पण मुळात ती गायकांसाठीची व्होकलीज (शब्दांशिवाय गायचे सरावाचे तुकडे), पियानोच्या साथीसह. नुसती ओळ वाजवली की लांब स्वरांवर खाली काही हलत नाही आणि ऐकणारा ताटकळतो. रिसाइटलला मी घेणार नाही.

आधुनिक काही हवं असेल तर अमेरिकन संगीतकार पर्सिकेटीचं ट्यूबासाठीचं सेरेनेड नंबर १२ एक सप्तक वर वाजवता येतं. सहा छोटे भाग आहेत, त्यातले ‘आरिएत्ता’ आणि ‘मार्चा’ आधी पाहा.

सूरपेटी:
सुराचं कुणीच बोललं नाही. पियानो नसला की सगळी पट्टी हळूहळू सरकली तरी चालून जातं, पण दोन स्वरांमधलं अंतर बिघडलं की लगेच कळतं. तिच्या वाद्यावर या जागा तपासा (आकडे एकत्र दाबायच्या व्हॉल्व्हचे):

१+३ चढा लागतो, त्याऐवजी नुसता चौथा. १+२+३ऐवजी २+४.
मधल्या सी-च्या वरचा एफ बहुतेक युफोनियमवर चढतो. तिथे ओठ किंचित सैल.
त्याखालचा डी मोकळा वाजवला तर उतरतो. जी मायनरचा तो पंचम, सारखा येणार. लांब धरायचा असेल तेव्हा १+२ करून पाहा, जे जवळ वाटेल ते ठेवा.

तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचवर लावून आधी स्केल, मग ग्रावे अर्ध्या लयीत. सूर दुसऱ्या पट्टीत वळला की तानपुऱ्याचा षड्जही बदला, नाहीतर कान उगाच गोंधळतो.

पितळी_बाजा:
यूआयएलचं राहिलं. तिथे तुकडा पीएमएल (त्यांनी ठरवून दिलेल्या तुकड्यांच्या) यादीतलाच लागतो आणि कुठले भाग वाजवायचे तेही यादीतच दिलेलं असतं. परीक्षकापुढे बार क्रमांक घातलेली मूळ छापील प्रत ठेवावी लागते, म्यूझस्कोरचा प्रिंट चालणार नाही. म्हणून आधी यादीतलं युफोनियमचं पान उघडा, साथीशिवायचे सोलो वेगळे काढा, आणि त्यात टेलिमन मिळाला तर तीच आवृत्ती विकत घेऊन रिसाइटललाही वापरा.

ह्यूस्टनकर:
उत्तम. मधे पाणी साठून गुडगुड होते, त्याचं काय?

सूरपेटी:
स्टेजवर जायच्या आधी सगळ्या स्लाइड काढून रिकाम्या करा, नुसती वॉटर की (पाणी काढायची कळ) दाबून भागत नाही. ग्रावे आणि विवाचेच्या मध्ये पाचेक सेकंद घेऊन पुन्हा एकदा. थंड वाद्यात पाणी जास्त धरतं आणि सूरही उतरतो, तेव्हा आत जाण्याआधी दहा मिनिटं कोमट हवा फुंकत राहू दे.