सार्वत्रिक संपाची तयारी कुठून सुरू करायची?

प्रश्न: कृती समिती सदस्य

आमच्या संयुक्त कृती समितीत सहा संघटना आहेत. मागच्या सभेत ‘बेमुदत संप’ म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तयारीची जबाबदारी माझ्याकडे आली. पण मी मागच्या रांगांकडे बघत होते. कायम कामगारांचे हात वर, कंत्राटी कामगार हाताची घडी घालून उभे. बाहेर पडताना त्यांतला एक जण म्हणाला, ‘‘ताई, तुमची निदान चौकशी तरी होईल. आम्हाला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील.’’

तारीख अजून जाहीर केलेली नाही. पगारकपात, कर्जाचे हप्ते, बडतर्फी, दवाखाने... आधी हात कशाला घालायचा?

उत्तर: जुना सरचिटणीस

ताई, तारीख जाहीर केली नाहीत ते फार चांगलं. टाळ्यांवरून संपाची ताकद मोजणाऱ्यांचा मला आजही राग येतो. आधी सह्यांची मोहीम घ्या, मग एक दिवस काळ्या फिती, मग जेवणाच्या सुट्टीत निदर्शनं. दर वेळी विभागवार किती जण उतरले ते टिपून ठेवा. जिथे निम्मे लोक फीत लावायलाही धजावत नाहीत, तिथे संपाच्या दिवशी गेटबाहेर कोण उभं राहणार? मात्र फक्त आकडे टिपा. कोणी फीत लावली नाही त्यांची नावं व्हॉट्सॲपवर फिरली की माणूस कायमचा तुटतो, आणि यादी साहेबांच्या टेबलावर पोचायला वेळ लागत नाही. शेवटचा निर्णय गुप्त मतदानानं घ्या.

आता त्या कंत्राटी कामगाराचं. ब्रिटनमधला १९२६चा सार्वत्रिक संप नीट समजून घ्या. खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी पंधरा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले, एकी जबरदस्त होती. पण सरकारनं आधी खाणींना नऊ महिने अनुदान देऊन सवड काढली होती आणि तेवढ्यात कोळशाचे साठे, वाहतूक, स्वयंसेवक सगळं जुळवलं होतं. संघटनांची खरी धावपळ संप तोंडावर आल्यावर सुरू झाली. नऊ दिवसांत मध्यवर्ती नेतृत्वानं संप मागे घेतला, तोही सगळ्यांना कामावर परत घेण्याची हमी न मिळवता. अनेकांची नोकरी गेली, अनेकांना वाईट अटींवर परतावं लागलं. खाणकामगार हिवाळ्याच्या तोंडापर्यंत एकटे लढले आणि उपासमारीनं मोडले. पुढच्याच वर्षी सहानुभूतीच्या संपावर बंदी घालणारा कायदा आला.

म्हणून ‘संपाबद्दल एकाही माणसावर कारवाई नाही, कंत्राटी कामगारही त्यात आले’ ही मागणी पहिल्या पानावर हवी, आणि ती लेखी मिळेपर्यंत कोणीही हजेरी लावायची नाही. त्यांचे दोन प्रतिनिधी वाटाघाटीच्या टेबलावर बसवा, नाहीतर ही अट सगळ्यात आधी सोडली जाईल.

उत्तर: कामगार न्यायालयातला वकील

एका मालकाविरुद्धचा संप आणि सरकारी धोरणाविरुद्धचा सार्वत्रिक संप कायद्याच्या नजरेत एक नाहीत. अनेक देशांत दुसऱ्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी केलेल्या संपाला किंवा राजकीय संपाला संरक्षणच नसतं. सहाही संघटनांच्या नोटिसांची मुदत वेगवेगळी असू शकते. सगळ्यात लांब मुदतीवरून मागे मोजत या.

उत्तर: परिचारिका संघटना

दवाखान्यांचा विषय शेवटी ठेवू नका. १९१९ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये सुमारे ६५ हजार कामगार संपावर गेले तेव्हा कोणतं काम चालू ठेवायचं ते संप समिती ठरवत होती. दूधगाडीवाल्यांनी वस्त्यांमधून दुधाची केंद्रं उघडली, सामुदायिक स्वयंपाकघरं चालली. त्याच वर्षी कॅनडातल्या विनिपेगमध्ये दूध-पावाच्या गाड्यांवर ‘संप समितीच्या परवानगीने’ असे फलक लागले. आमच्याकडे अतिदक्षता, प्रसूती आणि डायलिसिस या तीन ठिकाणी कोण कोणत्या पाळीला थांबणार याचा तक्ता नोटिशीसोबतच द्यायचा, असं आम्ही ठरवलंय. एक रुग्ण दगावला तर लोक आमच्या मागण्या ऐकून घेणार नाहीत, आणि आम्हालाही ते सहन होणार नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. बेमुदत की एक दिवसाचा, यावर मात्र समितीत दोन तट पडलेत.

उत्तर: जुना सरचिटणीस

एक दिवसाचा. १९७५च्या २४ ऑक्टोबरला आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एकच दिवस काम थांबवलं, नोकरीतलं आणि घरातलंही. पुढच्या वर्षी समानतेचा कायदा झाला. १९८२चा मुंबईतला गिरणी संप आठवा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बेमुदत बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुटुंबंच्या कुटुंबं त्यात उद्ध्वस्त झाली.

बेमुदतवाल्यांना समितीत एवढंच विचारा: संपफंडातून सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचं घर किती दिवस चालेल? त्याचा हप्ता, घरभाडं, औषधं धरून आकडा काढा आणि सभेत मोठ्यानं वाचा. खजिनदाराला आजच कामाला लावा.