खडकावर फुटणाऱ्या लाटेवर पहिल्यांदाच जायचंय, नाशिकहून निघायच्या आधी काय काय बघून ठेवू?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी नाशिकचा. गेल्या तीन वर्षांत मंगळूरजवळ मुल्कीला चार वेळा जाऊन सर्फिंग शिकलो, सगळं मिळून वीसेक दिवस पाण्यात काढले असतील. आठ फुटी फोमचा बोर्ड आहे, उभं राहता येतं, हिरव्या म्हणजे अजून न फुटलेल्या लाटेवर डावी-उजवीकडे वळता येतं, पण आजपर्यंत जे काही केलं ते सगळं वाळूवर. इथे असताना आठवड्यातून चार दिवस सावरकर तलावात पोहतो, त्यामुळे दम ठीक आहे.

आता मूळ मुद्दा. बायकोचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. दिवाळीत गेलो होतो तेव्हा गावाच्या मागच्या सड्यावर चढलो आणि वरून बघतो तर खाली एका छोट्या खाडीच्या तोंडाशी लाट दर वेळी एकाच जागी फुटतेय, अगदी एकाच जागी, आणि तिथून उजवीकडे उलगडत जातेय, बघतच राहिलो. अर्धा तास तिथेच बसलो. किनाऱ्यावर माणूस नाही, दोन होड्या वर ओढून ठेवलेल्या, बास. मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणाला, "थय खाली खडप आसा, जाळा फाटता, आमी थय जाणव नाय." म्हणजे तिथे खाली खडक आहे, जाळी फाटतात, म्हणून ते तिकडे जात नाहीत. ज्याला रीफ ब्रेक म्हणतात ते हेच ना? गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, राग मानू नका.

तर एप्रिलमध्ये आठ दिवसांची सुट्टी टाकतोय. तिथे उतरायचं का, कधी उतरायचं, आणि वाळूवर शिकलेल्या माणसाने नवीन काय शिकायचं? मुल्कीला सर होते, इथे कोणी नसणार.

देवळाली_ते_दर्या

दादा, हो, तेच. लाट कशी फुटते ते आधी समजून घे म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट-दीडपट खोली उरली की लाट कोसळते. वाळूचा तळ दर पावसाळ्यात हलतो म्हणून वाळूवरची लाट आज इथे तर उद्या तिथे. खडक हलत नाही म्हणून तुझी लाट एकाच जागी फुटतेय. आता हाच हिशोब उलटा करून बघ: एक मीटरची लाट फुटतेय याचा अर्थ तिथे पाणी फार तर छाती-खांद्यापर्यंत, आणि लाट पुढ्यातलं पाणी स्वतःकडे ओढून घेते त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. तू पडणार ते त्या पाण्यात, आणि खाली वाळू नाही.

मी श्रीलंकेत मिडिगमाला पहिल्यांदा खडकावरच्या लाटेवर गेलो तेव्हा नेमकं हेच कळलं नव्हतं. सकाळी दोन तास मस्त गेले, पाणी उतरत होतं ते माझ्या लक्षातच आलं नाही, कारण लाट उलट आणखी उभी आणि सुंदर होत गेली. शेवटच्या लाटेवर बोर्डाचं नाक घुसलं आणि मी सवयीने डोकं पुढे करून सूर मारला. हात आधी टेकले म्हणून वाचलो. तळहातापासून कोपरापर्यंत सोललं गेलं आणि बोर्डाचं एक फिन (खालचा पंख) तुटलं, बाकीचे आठ दिवस किनाऱ्यावर बसून काढले. तेव्हापासून पडताना आडवं पडतो, पाठीवर नाहीतर कुल्ल्यावर, हातपाय पसरून, जितकं वरच्या वर राहता येईल तितकं. पाय खाली टाकून उभं राहायला जायचं नाही, घोटा फटीत अडकतो. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण लीशला, म्हणजे पायाला बोर्ड बांधणाऱ्या दोरीला, ताण बसून बोर्ड उलटा अंगावर येतो. हे सगळं सावरकर तलावात उथळ बाजूला शंभर वेळा करून बघ, लोक बघतील तर बघू देत. तिथे एप्रिलपर्यंत अंगात भिनलं पाहिजे.

आणि नाशिककराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघा, कंबर, छाती. तसाच एक मारुती त्या खाडीत शोध. किनाऱ्यालगतचा एखादा ठळक खडक धर, ओहोटीला तो किती उघडा पडतो, भरतीला किती बुडतो, आणि तो किती बुडाला असताना बाहेरची लाट कशी फुटते हे दोन-तीन दिवस नुसतं बघ. मग पाण्यात असताना मान वळवून एक नजर टाकली की कळतं आता निघायचं की अजून अर्धा तास आहे. मिडिगमाला मी हे केलं असतं तर हात सोलला नसता.

लाटेचा अंदाज बघताना नुसती उंची बघू नकोस, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघ. सहा सेकंदांची एक मीटर लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. चौदा सेकंदांची एक मीटर लाट म्हणजे दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेली, ती दीडशे मीटर खोलीपासूनच तळाला टेकायला लागते आणि खडकावर येते तेव्हा आकड्यापेक्षा बरीच मोठी होते. एप्रिल-मेमध्ये अशा लाटा आपल्या किनाऱ्यावर वारा नसतानाही येतात, केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची सूचना रोज बघत जा, तिथे उंच लाटांचा इशारा असला की त्या दिवशी सड्यावरूनच बघायचं.

माडाखालची

मी मूळची मालवणकडची, लग्नानंतर बारा वर्षं नाशिकला पाथर्डी फाट्याला. वरच्या दादांनी दुतोंड्या मारुतीचं सांगितलं ते फारच आवडलं, कारण माझे बाबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जायचे आणि त्यांचाही असाच एक ठरलेला खडक होता.

भरतीचं ॲप बघालच, पण गावात रेंज नसते म्हणून आमच्याकडचा हिशोब सांगते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं पण सिंधुदुर्गात बऱ्यापैकी जमतं. आता हे तुमच्या कामाला कसं लावायचं ते बघा. खडप उघडं बघायचं असेल तर उधाणाच्या दिवसांत जा, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावस्येनंतरची द्वितीया. द्वितीयेला भरती दुपारी दीडला म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास, पाणी सगळ्यात लांब गेलेलं आणि उजेडही असतो. चप्पल-बूट घालून खडपावर चालत जा, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. घळ कुठे आहे, उंचवटा कुठे, एकटाच वर आलेला दगड कुठे. आमच्याकडे मुंबईसारखी साडेचार मीटरची भरती नसते, दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, पण तुमच्या लाटेसाठी दोन मीटर म्हणजे सगळंच.

आणि पाण्यात उतरायचं असेल तर दशमी-एकादशी धरा. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही, आणि भरती सकाळी साडेसात-सव्वाआठला. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, तो लाटेला समोरून धरून ठेवतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की सगळं पाणी विस्कटतं, तेव्हा बाहेर यायचं. जून ते ऑगस्ट विचारसुद्धा करू नका, आमचे लोकच १ जून ते ३१ जुलै होड्या बंद ठेवतात.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, कालवं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडपावर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी असते. आमची आई कालवं फोडायला जायची तेव्हा तिच्या बोटांना कायम चिरा असायच्या. म्हणून जाड तळाचे रबरी बूट घालाच. दुसरी, मेव्हण्याला आणि तिथल्या एखाद्या वयस्कर रापणकराला सोबत घेऊन बसा, चहा पाजा, आणि पाण्याची ओढ कुठून बाहेर जाते ते विचारा. ते तिथे जाळं टाकत नाहीत म्हणजे त्यांना ते खडप माहीत नाही असं नाही, सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. आणि ज्या दिवशी रापण लागलेली असेल त्या दिवशी बोर्ड घेऊन त्या बाजूला फिरकू नका, त्यांचं पोट आहे ते.

कॉलेजरोड_नर्स

फक्त जखमेबद्दल लिहिते. खडकाने किंवा कालवाने कापलं तर वरून छोटं दिसतं पण आत शिंपल्याचा चुरा, वाळू राहते आणि मग तीन दिवसांनी पिकतं. लगेच बाहेर या, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, साबण लावून, दुखलं तरी आतलं सगळं निघेपर्यंत. मग बीटाडीन, कोरडी पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधीच नाशिकला घेऊन टाका. लाली पसरायला लागली, ताप आला, तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरकडे. आणि डोक्याला मार लागून क्षणभरही शुद्ध हरपली असेल तर नंतर कितीही बरं वाटलं तरी हॉस्पिटल. हेल्मेट घालणार आहात ना? त्या निर्जन किनाऱ्यावर तुम्हाला उचलून गाडीपर्यंत कोण आणणार याचं उत्तर आधी तयार ठेवा.

चांदवडचा

मला सर्फिंगमधलं काही कळत नाही पण एवढं लिहावंसं वाटलं, आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला रोइंग करून आला, ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथला पोरगा. त्यामुळे नाशिकच्या माणसाने समुद्रात कशाला जायचं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फक्त तो सैन्यात गेल्यावर शिकवणाऱ्यांच्या हाताखाली शिकला, एकटा नाही. तुम्हीही कोणीतरी सोबत न्या.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलं तसंच केलं, एप्रिलची वाट न बघता. परवाच्या द्वितीयेला जोडून सुट्टी होती, रात्रभर गाडी चालवून गेलो, बारा-तेरा तास लागले. सकाळी पावणेसातला मेव्हण्याबरोबर खाली उतरलो आणि जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

दिवाळीत वरून जी एक सलग सुंदर लाट दिसत होती तिच्याखाली काय आहे ते पहिल्यांदा बघितलं. काळा कातळ, भाकरीसारखा सपाट नाही, पायऱ्या पायऱ्यांचा. पहिली पन्नासेक पावलं नुसती कालवं, बुटाखाली करकर वाजत होती. त्याच्या पुढे शेवाळ, मग एक घळ, माझ्या खांद्याएवढी खोल, आणि तिच्यातून पाणी ओहोटी असतानाही जोरात बाहेर धावत होतं. मेव्हणा म्हणाला ओढ हीच, आणि लहानपणी ते पोहत बाहेर जायचे ते ह्याच वाटेने. म्हणजे लाटा अंगावर न घेता बाहेर जायचा रस्ता मिळाला. आठ फुटी फोम घेऊन लाटेखालून बुडी मारता येत नाही, ही काळजी होतीच.

पण खरी गोष्ट पुढे आहे. लाट जिथे उलगडून संपते, म्हणजे जिथे मी आरामात बोर्डवरून उतरेन असं मनात धरलं होतं, बरोब्बर तिथे एक दगड आहे. एकटाच. गुडघ्याएवढा, वरून टोकदार, सगळा कालवांनी भरलेला. भरतीला तो पूर्ण बुडतो, वरून काहीही दिसत नाही, दिवाळीत अर्धा तास बघत बसलो तेव्हाही दिसला नव्हता. त्याला हात लावून आलो. फोटो काढले, चारी बाजूंनी.

मग वर जाऊन मेव्हण्याने एक युक्ती शिकवली, ते मासे लागतात ती जागा समुद्रात परत कशी शोधतात ती. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. दगडाच्या अलीकडे असेपर्यंत देवळाचा कळस वाकड्या माडाच्या उजवीकडे दिसतो. कळस माडाच्या मागे गेला की लाट कितीही चांगली असली तरी सोडायची, बाहेर पडायचं. आता दुतोंड्या मारुतीही ठरलाय, होड्यांच्या बाजूचा एक खडक आहे, त्याच्यावर पांढरी रेघ आहे, पाणी रेघेच्या खाली गेलं की त्या दिवसाचं काम संपलं.

एप्रिलमधली सुट्टी दशमीला धरून घेतलीय. मुल्कीला माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र येतोय, तो पाण्यात असेल तेव्हा मी बाहेर आणि मी असेन तेव्हा तो. लाट कमरेएवढी असेल तरच जायचं, आणि पहिले दोन दिवस बोर्ड न घेता घळीतून नुसतं पोहून बाहेर जाऊन यायचं असं मेव्हण्याने बजावलंय. हेल्मेट आणि बूट मागवलेत, इंजेक्शन उद्या घेतो.

देवळाली_ते_दर्या

वा. त्या दगडाचा फोटो इथे टाकू नकोस पण मला पाठव. आणि एक राहिलं, पहिल्या दिवशी रात्रभर गाडी चालवून आलेला असशील तर त्या सकाळी पाण्यात उतरू नकोस, झोप काढ. एकादशीलाही भरती सव्वाआठलाच आहे.