प्रेमात पडली म्हणून जाळं फुटलं?

धागालेखिका:
दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सवर बेतलेली एक हेरगिरीची प्रेमकादंबरी काल रात्री संपवली आणि नंतर कितीतरी वेळ झोप लागली नाही. नाव देत नाही, कारण मला जे खुपलं ते या एकाच पुस्तकातलं नाही. याच जातीच्या आणखी दोन-तीन कादंबऱ्यांत तेच वाचलं आहे.

गोष्ट अशी. १९४३ चं पॅरिस. लंडनहून उतरलेली वायरलेस ऑपरेटर. एका जागेवरून फार वेळ संदेश पाठवायचा नाही, काम झालं की पेटी उचलून निघायचं, हा तिचा नियम. ती एका फ्रेंच डॉक्टरच्या प्रेमात पडते, त्याच्या माळ्यावर तीन रात्री राहते आणि तिथूनच संदेश पाठवत राहते. चौथ्या रात्री वायरलेसचा माग काढणारी जर्मन शोधगाडी दारात येते आणि तिच्या हेरांचं सगळं जाळं फुटतं. ती जिवंत परतते. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर तिला माफ करतो.

माफी कशाची?

त्या वर्षी जूनमध्ये पॅरिसमधलं 'प्रॉस्पर' हे लंडनहून चालवलेलं हेरांचं मोठं जाळं खरोखरच फुटलं. नुकतेच उतरलेले दोन कॅनेडियन हेर नाकाबंदीत अडकले आणि त्यांच्या गाडीत संदेश व वायरलेसचं सामान सापडलं. विमानांची ये-जा सांभाळणारा आँरी देरिकूर हेरांची पत्रं जर्मनांना दाखवत होता. गिल्बर्ट नॉर्मन हा ऑपरेटर पकडला गेल्यावर त्याच्या नावाने एक संदेश लंडनला गेला. त्यात ठरलेली सुरक्षेची खूण नव्हती. ती नसणं हाच तर इशारा होता! लंडनने उलट कळवलं की खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. अशी खूण असते हे जर्मनांना त्याच्याच लंडनमधल्या वरिष्ठांनी सांगून टाकलं.

यात प्रेम कुठे आहे? इतक्या लोकांचे गुन्हे एका मुलीच्या मनावर टाकायचे आणि त्याला प्रेमकथा म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. हे हेर पाठवणाऱ्या एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागाने ३९ स्त्रिया पाठवल्या, त्यातल्या १३ परत आल्या नाहीत. त्यांच्यावर अन्याय.

प्रतिसाद १:
पूर्ण असहमत. तुम्ही कादंबरीकडे चौकशी अहवाल मागताय. प्रॉस्पर का फुटलं ते सांगायला इतिहासाची पुस्तकं आहेत. प्रेमकादंबरीत प्रेमामुळे काही पणाला लागत नसेल तर ती वाचायची कशाला? नायिकेला नियम माहीत आहे, ती तो जाणूनबुजून मोडते, आणि तिसऱ्या रात्री एरियल गुंडाळता गुंडाळता पुन्हा सोडते. मला ते पान फार आवडलं. तिला लेखकाने माणूस म्हणून चूक करू दिली. निर्दोष शहीद करून भिंतीवर टांगली असती तर तुम्हाला चाललं असतं का?

प्रतिसाद २:
दोघांचंही थोडं पटतं, पण 'प्रेम कुठे आहे' या प्रश्नावर एसओईची हेर ओडेट सॅन्समची आठवण झाली. ती आणि तिचा प्रमुख पीटर चर्चिल १९४३ च्या एप्रिलमध्ये आल्प्सच्या बाजूला एका हॉटेलात एकत्र पकडले गेले. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं. तिचं आधीच लग्न झालेलं होतं, इंग्लंडमध्ये तीन मुली होत्या, हेही विसरू नये. तिने जर्मनांना सांगितलं, आम्ही नवरा-बायको आहोत आणि हा पंतप्रधान चर्चिलचा नातेवाईक आहे. दोन्ही धादांत खोटं. पण मोठ्या माणसाचे नातेवाईक म्हणजे पुढे कामाला येणारे ओलीस, असा हिशेब त्यामागे होता. दोघंही नाझी छावण्यांतून जिवंत परतले. १९४७ मध्ये त्यांनी खरंच लग्न केलं आणि दहा वर्षांच्या आत घटस्फोटही घेतला.

हेरगिरी आणि प्रेम एकाच वाक्यात कसं बसतं, ते मला या खोट्यात दिसतं. नवरा आहे म्हणाली, ते बचावासाठी म्हणाली की मनातलं म्हणाली? लिहायला बसलेल्या माणसाने इथे शंभर पानं खर्च करावीत.

धागालेखिका:
हेच तर माझं म्हणणं! ओडेटच्या बाबतीत प्रेमाने जीव वाचवायला मदत केली. आणि जर्मन त्यांच्यापर्यंत पोचले ते आधी पकडलेल्या एका सहकाऱ्यामार्फत. तिथेही प्रेमाने जाळं फोडलं नाही.

प्रतिसाद १:
एका उदाहरणावरून सगळ्या कादंबऱ्यांना नियम लावू नका. एका छताखाली दोघं असले की दोघंही सापडतात, हेही त्याच उदाहरणात आहे.

प्रतिसाद ३:
मला तर रागच आला होता पुस्तकाचा, पण वेगळ्या कारणाने. नायिका माळ्यावर बसून पाऊण तास संदेश पाठवते. पाऊण तास! ऑपरेटर टिकेल तर सहा आठवडे, असं त्या काळी धरलं जाई, ते उगाच नाही. जितका वेळ तुम्ही हवेत, तितकी शोधगाडी जवळ. आधी भाग, मग गल्ली, मग घर. लेखकाने हे नीट वापरलं असतं तर प्रेम आणि घड्याळ यांची खरी ओढाताण दिसली असती: निरोप अर्धा राहिलाय, खाली तो वाट बघतोय, आणि बटणावर बोट.

धागालेखिकेला एक सांगतो. एसओईची पॅरिसमधली वायरलेस ऑपरेटर नूर इनायत खान हिने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि अटकेनंतर त्या जर्मनांच्या हाती पडल्या. तिच्याच वायरलेसवरून मग लंडनला फसवलं गेलं. चूक बाईकडून झालीच नाही, असं लिहिणंही खोटंच ठरेल.

धागालेखिका:
नूरची वही मी विसरलेले नाही. पण ती अपुऱ्या प्रशिक्षणावर पाठवलेली मुलगी होती, आणि आजूबाजूचं जाळं कोसळल्यावर परत येण्याची संधी असूनही पॅरिसमध्ये थांबली. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये दाखाउच्या नाझी छावणीत तिला मारलं. तिची चूक लिहा, जरूर लिहा. सूचना नीट समजली नाही, समजावली गेली नाही, अशी लिहा. ती चूक प्रियकराच्या मिठीत नेऊन ठेवली की वाचकाला वाटतं, बाई पाठवली इथेच चुकलं.

प्रतिसाद २:
हे मात्र पटलं. एसओईचीच पर्ल विदरिंग्टन बघा. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये पॅराशूटने उतरली, फ्रान्समध्ये तिचा होणारा नवरा आँरी होताच. प्रमुख पकडला गेल्यावर तिने स्वतःची तुकडी उभी केली, आँरी तिच्या हाताखाली लढला. युद्ध संपायच्या आत दोघांनी लग्न केलं. नंतर सरकारने नागरी सन्मान देऊ केला तेव्हा तिने तो परत पाठवला: मी केलं त्यात नागरी काही नव्हतं. प्रेमात असलेली, हुकूम देणारी बाई. तिच्यासारखी नायिका प्रेमकादंबरीत मला अजून भेटलेली नाही.

प्रतिसाद १:
पर्लवर कोणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी घेईन. पण या नायिकेला पर्ल व्हायचंच नव्हतं. आणि एक गोष्ट तुमच्याकडून निसटली आहे. डॉक्टर आपणहून माफ करत नाही. ती त्याच्या दारात येऊन माफी मागते. शेवटच्या प्रकरणाचं दुसरं पान पुन्हा वाचा.

धागालेखिका:
आत्ताच वाचलं. तुमचं खरं आहे, तीच मागते. आणि लंडनमधल्या एकाही माणसाला लेखकाने तिच्या दारात पाठवलेलं नाही.