मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, हे नेमके कोण ठरवते?

प्रश्न : आलेखकार

मोजमापांच्या नोंदींवरून आलेख काढून देणारा एक छोटा प्रोग्राम मी तीन वर्षांपासून लिहीत आहे. वापरणारे थोडे आहेत, पण नियमित आहेत. त्यांच्या आग्रहावरून, तो संग्रहात घ्यावा अशी विनंती मी एका मोठ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाकडे नोंदवली. त्याला आठ महिने झाले, तरी होकारही नाही आणि नकारही नाही. एका स्वयंसेवकाने परवान्यातील एका वाक्याबद्दल तेवढी विचारणा केली. ते वाक्य असे : ‘शिक्षण व संशोधनासाठी वापर मोफत, व्यावसायिक वापरासाठी लेखकाची परवानगी घ्यावी.’ सोर्स कोड सर्वांना खुला असताना यात आक्षेपार्ह काय, हे मला उमगले नाही. त्याच संग्रहात वर्षानुवर्षे कोणी उघडलेही नसतील असे खेळ आहेत. मग निकष कोणता : उपयुक्तता, लोकप्रियता की ओळख? एखादी समिती बसून यादी ठरवते का?

उत्तर : पॅकेजकर्ता

आपण प्रकल्पाचे नाव दिलेले नाही, म्हणून मला जवळून माहीत असलेल्या डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचे उदाहरण घेतो. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात यादी ठरवणारी समिती नाही. कोणते पॅकेज (म्हणजे सहज बसवता येईल असे बांधलेले सॉफ्टवेअर) हवे हे ज्याला ते सांभाळायचे आहे तोच ठरवतो, आणि प्रकल्प फक्त ते अटींत बसते की नाही एवढे पाहतो. आपण नोंदवली ती ‘कोणीतरी हे पॅकेज करावे’ अशी विनंती असावी. अशा विनंतीने कोणावरही बंधन येत नाही. ‘हे पॅकेज मी करणार आहे’ अशी नोंद कोणी आपल्या नावावर केली, तरच काम पुढे सरकते. त्या निरुपयोगी वाटणाऱ्या खेळांमागे असा एखादा माणूस उभा आहे, आणि आपल्या प्रोग्राममागे अजून कोणी नाही. वशिल्याचा येथे संबंध नाही.

आता ते वाक्य. १९९७ मध्ये डेबियनने आपल्या सामाजिक करारासोबत (वापरकर्त्यांना दिलेल्या जाहीर वचनांसोबत) मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि पुढच्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ची व्याख्या त्यांच्यावरूनच तयार झाली. त्यांतील एका तत्त्वानुसार परवान्याने वापराच्या कोणत्याही क्षेत्रावर निर्बंध घालता कामा नये, मग ते क्षेत्र व्यापाराचे असो वा आणखी कशाचे. हे तत्त्व किती काटेकोरपणे पाळले जाते याचा एक नमुना म्हणजे जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीशी संबंधित काही प्रोग्रामांचा परवाना. त्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे’ असे वाक्य होते आणि केवळ तेवढ्यावरून तो परवाना मुक्त नाही असे ठरले. वाचणाऱ्याला हसू येईल, परंतु चांगले काय आणि वाईट काय हे परवान्याच्या आधारे कोणी ठरवायचे, या प्रश्नाला उत्तर नाही. आपला कोड वाचायला खुला आहे हे खरे, पण एवढ्याने तो या अर्थाने मुक्त होत नाही.

परवाना स्वच्छ असला, तरी नवे पॅकेज थेट संग्रहात जात नाही. ते आधी एका रांगेत थांबते आणि संग्रह सांभाळणारे मोजके स्वयंसेवक प्रत्येक फाइलचा हक्क कोणाचा व परवाना कोणता हे तपासतात. ही रांग कधी भराभर सरकते, कधी महिनोन्‌महिने तिथेच असते. त्यानंतर पॅकेज ‘अनस्टेबल’ या रोज बदलणाऱ्या शाखेत येते आणि गंभीर दोष न आढळल्यास साधारण पाच दिवसांनी ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. ‘स्टेबल’ म्हणजे सर्वांसाठी प्रसिद्ध होणारी आवृत्ती टेस्टिंग गोठवूनच, म्हणजे तीतील नवे बदल थांबवूनच, तयार होते. तोवर गंभीर दोष दुरुस्त झाला नाही, तर पॅकेज त्या आवृत्तीतून वगळले जाते, मग ते कितीही जुने असो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ७०,००० च्या आसपास पॅकेजे होती, आणि आधीच्या आवृत्तीतील ८,८०० हून अधिक पॅकेजे कालबाह्य ठरवून तीत काढून टाकली होती.

उत्तर : जुना वापरकर्ता

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु त्यावरून सारे काही नियमांनी आपोआप ठरते असा समज होऊ नये. हजारो पॅकेजे शेजारीशेजारी नांदू शकतात, पण सुरुवातीला आपोआप बसवली जाणारी गोष्ट एकच असते, आणि खरा वाद तिथे पेटतो. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारी मूळ यंत्रणा कोणती असावी, हा प्रश्न डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला, तेव्हा आठ सदस्यांची मते समसमान पडली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टीमडीची निवड झाली. त्यानंतरही वाद इतका धुमसत राहिला की काही जण वेगळे झाले आणि त्यांनी देवुआन ही स्वतंत्र प्रणाली काढली.

तत्त्वांनाही व्यवहारापुढे वाट काढावी लागते. वायफाय कार्डाला लागणारे फर्मवेअर (त्या उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) बहुधा मुक्त नसते, म्हणून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे, आणि नवख्या माणसाला इंटरनेट जोडण्यासाठी आधी इंटरनेटवरून फाइल आणावी लागे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून सामाजिक करारात दुरुस्ती केली आणि असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत देण्याचे ठरवले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, पण तो तत्त्वापासून ढळणारा होता असे मानणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था डेबियनची शिफारस करत नाही, कारण मुक्त नसलेली पॅकेजे निराळ्या विभागात का होईना, त्याच प्रकल्पाच्या यंत्रणेवरून दिली जातात.

उलट टोक पाहायचे तर ओपनबीएसडी ही दुसरी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम पाहावी. तिथे मूळ प्रणाली एकसंध ठेवलेली असते आणि तीत काय राहील हे थोडे जण ठरवतात. २००१ मध्ये आयपीफिल्टर या फायरवॉलच्या (नेटवर्कवरील नको ती वाहतूक अडवणाऱ्या प्रोग्रामच्या) परवान्यावरून मतभेद झाला, तेव्हा त्यांनी ती काढून टाकली आणि पीएफ ही स्वतःची फायरवॉल लिहिली.

प्रतिसाद : आलेखकार

दोघांचेही आभार. माझ्या कोडमध्ये आणखी दोघांनी भर घातलेली आहे. त्यांची लेखी संमती घेऊन मी परवाना बदलून जीपीएल या प्रचलित मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती केली आहे. मात्र माझ्या प्रोग्राममध्ये चित्रे साठवण्यासाठी लिबपीएनजी या तयार कोडसंग्रहाची एक प्रत मी आतच ठेवली आहे, आणि वेबपानावर आलेख दाखवण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी एक आटवलेली (मोकळ्या जागा काढून व नावे आखडून लहान केलेली) जावास्क्रिप्ट फाइल आहे. याला हरकत असेल का?

उत्तर : पॅकेजकर्ता

दोन्हींना हरकत येईल. लिबपीएनजी संग्रहात आधीपासून आहे, म्हणून आपली प्रत वगळून त्या पॅकेजवर अवलंबून राहावे. सुरक्षेचा दोष सापडला की तो एका ठिकाणी दुरुस्त होतो, पण पन्नास प्रोग्रामांच्या पोटात पन्नास प्रती असतील, तर प्रत्येक प्रत शोधत बसावे लागते. आटवलेल्या फाइलची अडचण अधिक मोठी आहे. ती संगणकाला चालते, पण माणसाला त्यात सहज बदल करता येत नाही, म्हणून तिला सोर्स मानत नाहीत. तिची मूळ, वाचण्याजोगी फाइल शोधून काढा, तिचा परवाना तपासा, आणि पॅकेज बांधताना तीच आटवली जाईल अशी सोय करा. मूळ फाइल मिळालीच नाही, तर तेवढा भाग काढून टाकणे सोपे पडेल.

हे झाले की ‘पॅकेज मी करणार आहे’ अशी नोंद स्वतःच करा. सदस्य नसलेल्यालाही पॅकेज तयार करता येते. एखाद्या सदस्याने तपासून आपल्या सहीने ते चढवावे लागते, आणि असा सदस्य मिळेपर्यंत दोन-तीन वेळा विचारावे लागले, तर त्यात संकोच नको.