मदत हवी आहे: रनिंग बॅक गेला, त्याचा बॅकअपपण गेला, आता कोणाला घेऊ?

सनीवेलकर (सोम, २ डिसेंबर २०२४)
काल बफेलोच्या बर्फात एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल) मॅचमध्ये जे झालं ते सगळ्यांनी बघितलंच असेल. मेन रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जखमी होऊन गेला, त्याच्यासाठी ठेवलेला बॅकअप त्याच मॅचमध्ये गेला. आता भरवशाचा बॅकअप सांगा, जो हातातला बॉल टाकणार नाही आणि पुढच्या रविवारी उभा असेल. उद्या रात्रीपर्यंत हवंय, प्लीज लवकर.

निरुपद्रवी
कोण गेला? कुठली टीम? तुम्ही स्वतः खेळता का? आमच्या इथे फ्लॅग फुटबॉलला माणसं मिळत नाहीत म्हणून विचारतोय.

टचडाऊन_तात्या
फोर्टीनायनर्स हो. मॅकॅफ्रीचा गुडघा आणि जॉर्डन मेसनचा घोटा, दोघंही आयआरवर (जखमींच्या यादीत), कोच शॅनाहनने आजच सांगितलं. सनीवेलकर, डोळे मिटून आयझॅक गेरेंडो घ्या. रुकी आहे, पहिलंच वर्ष, चाळीस यार्ड ४.३३ सेकंदात पळालेला आहे. विषय संपला.

सनीवेलकर
हो तेच. फँटसी लीगबद्दल (खऱ्या खेळाडूंची आपली टीम करून त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवतो ते) विचारतोय, मला वाटलं कळेल. मॅकॅफ्रीला ठेवू की सोडू हेपण सांगा, लीगच्या निवडीत पहिल्याच राउंडला घेतलेला आहे, जीव होत नाही सोडायला.

मृण्मयी_एसजे
अहो काहीच माहिती न देता कसं सांगणार? किती टीमची लीग आहे? पीपीआर (प्रत्येक कॅचला पॉइंट), हाफ की स्टँडर्ड? वेव्हर (मोकळा खेळाडू) नंबराने मिळतो की बोली लावून? बोली असेल तर पैसे किती उरलेत? आणि दुसरा रनिंग बॅक कोण?

मॅकॅफ्रीचं मात्र सोपं आहे. आयआर म्हणजे कमीत कमी चार मॅच बाहेर, म्हणजे सीझनचा १४ वा ते १७ वा आठवडा गेला. तुमची फायनल १७ व्या आठवड्यात असेल तर दोघांचाही या सीझनला काही उपयोग नाही. सोडा.

कोथरूडचा_कट्टेकरी
फुटबॉल म्हणजे तो हाताने खेळतात तोच ना? हे पुण्यातून कुठे बघायला मिळतं?

सनीवेलकर
१२ टीम, हाफ पीपीआर, बोली आहे, १०० पैकी ११ डॉलर उरलेत. गेरेंडो मिळणार नाही, तो आमच्या लीगमधल्या एका वहिनींनी सप्टेंबरपासून बेंचवर ठेवलाय, का विचारलं तर म्हणाल्या नाव छान वाटलं. ट्रेडची मुदत पण संपली. रविवारची मॅच जिंकलो तरच प्लेऑफ.

टचडाऊन_तात्या
वहिनींना दंडवत.
मग पॅट्रिक टेलर घ्या, आधी पॅकर्सकडे होता तो. शॅनाहनच्या टीममध्ये बॅक कोण आहे याने फरक पडत नाही हे मी इथे कधीपासून सांगतोय. मोस्टर्टला सहा टीमांनी काढून टाकलेलं, त्याने २०२० च्या जानेवारीत पॅकर्सविरुद्ध २२० यार्ड आणि चार टचडाऊन केले. एलायजा मिचेल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सहाव्या राउंडचा, पहिल्याच वर्षी ९६३ यार्ड. मेसनला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, आणि जेट्सविरुद्ध मॅकॅफ्री ऐनवेळी बसला तेव्हा हा २८ वेळा पळून १४७ यार्ड. शॅनाहनच्या बापाचंही तेच होतं, डेन्व्हरला टेरेल डेव्हिस सहाव्या राउंडला उचलला आणि १९९८ ला त्याने २००८ यार्ड काढले. लाइन (बॅकसाठी वाट मोकळी करणारे पुढचे गडी) सगळी मिळून एका बाजूला सरकते, बॅकने भेग दिसली की पाय रोवायचा आणि घुसायचं, बस.

मृण्मयी_एसजे
तात्या, ती लाइन आहे कुठे? ट्रेंट विल्यम्स घोट्यामुळे बाहेर आहे. टीम ५-७, लागोपाठ तीन मॅच हरलेली. मागे पडलं की पास टाकावे लागतात, आणि तेव्हा बॅकने आधी ब्लिट्झ करणाऱ्याला (पास टाकणाऱ्यावर धावून येणाऱ्याला) अडवायचं असतं. तिसऱ्या डाऊनला (प्रयत्नाला) पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर माणूस सुटला की तो बॅक पुढच्या वेळी बाकावर, मग चाळीस यार्ड कितीही सेकंदात पळो. भरवसा म्हणजे तो. तुमच्या त्या मोस्टर्टच्या काळातली टीम वेगळी होती.

टचडाऊन_तात्या
रविवारी समोर बेअर्स आहेत ताई, कॅन्सस सिटी नाही.

अण्णा_न्यूजर्सी
माझा अनुभव सांगतो. मी कायम स्वतःच्या बॅकचा बॅकअप घेतो आणि शांत झोपतो. नाईट वॉचमन पाठवतो ना आपण, तसं. बाकी सगळं जुगार आहे. तुम्ही दुसरा रनिंग बॅक कोण ते अजून सांगितलं नाहीत.

सनीवेलकर
जेम्स कूक. आणि डॉबिन्स.

मृण्मयी_एसजे
डॉबिन्स?? तो पण शनिवारी आयआरवर गेला ना! हे आधी सांगायचं की हो, मी कधीपासून फोर्टीनायनर्सवर टाइप करत बसलेय.

अण्णा_न्यूजर्सी
कूक आहे तर त्याचा बॅकअप रे डेव्हिस घ्या. ऑक्टोबरमध्ये कूक बसला होता तेव्हा जेट्सविरुद्ध २० वेळा पळून ९७ यार्ड काढले त्याने.

मृण्मयी_एसजे
कूक धडधाकट आहे अण्णा. यांना या रविवारी पॉइंट हवेत, विमा नको.
सनीवेलकर, चार्जर्सचा गस एडवर्ड्स मोकळा आहे का बघा. डॉबिन्स गेल्यामुळे काम त्याच्याकडे येणार, मागच्या वर्षी रेव्हन्सकडून १३ टचडाऊन केलेत आणि तिथला जुना ऑफेन्सचा कोच ग्रेग रोमन आता चार्जर्सकडेच आहे. कॅच फारसे घेत नाही, त्यामुळे हाफ पीपीआरमध्ये टचडाऊन नाही आलं तर पाच-सहा पॉइंटवर समाधान मानायचं. किमानी विडाल थोडा वाटा खाईल. पण गोल लाइनला हाच.

निरुपद्रवी
रेव्हन्सवरून आठवलं, जस्टिस हिल घ्या की, पास पण पकडतो.

टचडाऊन_तात्या
रेव्हन्सना या आठवड्यात सुट्टी आहे. १४ व्या आठवड्यात सहा टीमा बाय वर आहेत, सांगण्याआधी बघत जा जरा.

कोथरूडचा_कट्टेकरी
कोणी सांगेल का कुठे दिसतं ते? मुलगा मागे लागलाय.

फिली_रहिवासी
डीएझेडएन अ‍ॅपवर एनएफएलचा गेम पास मिळतो. इकडची दुपारी एकची मॅच तुमच्याकडे रात्री साडेअकराला, आणि रविवार रात्रीची सोमवारी सकाळी सहा पन्नासला, म्हणजे मुलाची शाळा बुडणार.
बाकी बॅकअप बॅकअप काय चाललंय, आमच्या ईगल्सच्या बार्कलीला लागत नाही बॅकअप.

टचडाऊन_तात्या
असं डिसेंबरच्या दुसऱ्या तारखेला बोलू नये. लाकडाला हात लावा.

निरुपद्रवी
अवांतर: रविवारी बेअर्सच्या मॅचला कोण जातंय? लीव्हायज स्टेडियमला पूर्वेकडच्या सीट मिळाल्यात, डिसेंबरमध्ये पण ऊन लागतं का?

मृण्मयी_एसजे
लागतं, मॅच दुपारी दीडच्या सुमाराला आहे, सूर्य सरळ तोंडावर. टोपी न्या. आणि गाडी नेऊ नका, व्हीटीएची लाइट रेल दारात सोडते.

सनीवेलकर
एडवर्ड्स मोकळा आहे! ११ चे ११ लावू का? आणि जागा करायला कोणाला काढू, माझ्याकडे दोन किकर (फक्त बॉलला लाथ मारणारे) आहेत.

टचडाऊन_तात्या
दोन किकर?

अण्णा_न्यूजर्सी
दोन किकर कशाला?

मृण्मयी_एसजे
एक किकर आणि मॅकॅफ्री काढा. आयआरच्या जागेवर मेसन-डॉबिन्सपैकी कोणी बसलाय का? तोही काढा, अडगळ आहे ती. एडवर्ड्सवर ७ लावा. पाचचा आकडा सगळे लावतात, सातला बहुतेक मिळून जातो. उरलेले ४ तात्यांच्या टेलरवर लावा हवं तर, म्हणजे ते गप्प बसतील.

सनीवेलकर (बुध, ४ डिसेंबर २०२४)
एडवर्ड्स ७ ला मिळाला, टेलर ४ ला. एडवर्ड्सला सरळ रनिंग बॅकच्या जागेवर टाकलाय, कूकच्या खाली.

मृण्मयी_एसजे
तिथे नको, फ्लेक्समध्ये टाका. चार्जर्सची मॅच रविवारी रात्री आहे, तीही चीफ्सशी. दुपारपर्यंत त्याच्याबद्दल काही वाईट बातमी आली तर फ्लेक्समध्ये रिसीव्हरसुद्धा (पास पकडणारा) बसवता येतो. रनिंग बॅकच्या जागेवर फक्त रनिंग बॅकच चालतो, आणि तोपर्यंत टेलरची मॅच सुरू झालेली असेल.

टचडाऊन_तात्या
टेलरला खेळवा हो. मी लिहून देतो, टचडाऊन करणार.