फिल्मखालचे ठिपके: दोष बहुधा धुळीचा

गाडीच्या काचेला आतून ऊन अडवणारी फिल्म लावल्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांचे खापर अनेकदा फिल्मच्या दर्जावर फोडले जाते, ते मला पटत नाही; बहुतेक वेळा दोष कडेला दडलेल्या धुळीचा असतो. काच मधोमध लख्ख दिसते, पण खालच्या रबराच्या खाचेत साचलेली माती पाण्याचा फवारा बसताच वर येते आणि फिल्मच्या डिंकाला कायमची चिकटते. म्हणून काच थोडी खाली करून तिची वरची कड आधी पुसावी, शाम्पूचे काही थेंब घातलेल्या पाण्याने आतली बाजू भिजवून ब्लेडने खरवडावी आणि फिल्मचे अस्तर सोलताना डिंकाची बाजू व काच दोन्ही भरपूर ओल्या ठेवाव्यात. मागच्या काचेवर मात्र ब्लेड अजिबात चालवू नये, कारण तिथल्या डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचे धुके घालवणाऱ्या, बारीक रेषा तुटतात. पाणी मधून कडांकडे रेटत काढावे. वरच्या कडेला दोनेक मिलिमीटर काच मोकळी सोडली, तर ती वरखाली होताना फिल्म सोलवटत नाही. पहिले काही दिवस दिसणारा धूसरपणा आणि पाण्याचे बारीक फुगे वाळल्यावर जातात, त्यामुळे ते सुईने टोचण्याची घाई कृपया करू नये. धुळीचा कण मात्र बोट फिरवल्यावर टोचरा लागतो आणि तो तसाच राहतो.